साखर कारखान्यात लेझर स्कॅनिंग: स्कॅनर लावण्याआधीची कामं

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी या पट्ट्यात गाळप थांबलं की लगेच विस्ताराची कामं निघतात. कुणाला गाळप क्षमता वाढवायची असते, कुणाला इथेनॉलचा प्लांट जोडायचा असतो, तर कुणाला जुनी इव्हॅपोरेटर बॉडी (रस आटवायचं भांडं) काढून नवी बसवायची असते. अडचण मात्र सगळ्यांची एकच: प्लांट आज जसा उभा आहे तसं ड्रॉइंग कुणाकडेच नाही. मूळ ड्रॉइंग कपाटात असतं, पण दर ऑफ-सीझनला लाइन कापल्या, वळवल्या, वाढवल्या, त्याची नोंद त्यात कुणी केलेली नसते. म्हणून हल्ली निविदेत ‘थ्रीडी लेझर स्कॅनिंग’ (लेझर किरण फिरवून उभ्या प्लांटची मापं टिपणं) अशी एक ओळ घातली जाते आणि काम भागलं असं समजलं जातं.

भागत नाही. लायकाच्या आरटीसी३६० सारखा स्कॅनर सेकंदाला वीस लाख पॉइंट टिपतो. पण नवा स्पूल (शॉपमध्ये तयार करून आणलेला पाइपचा तुकडा) बसणार की फिटरला गॅस कटर काढावा लागणार, हे संपूर्ण प्लांटमधल्या दहा-पंधरा जागांवर ठरतं: जिथे नवी लाइन जुन्या लाइनला मिळते त्या टाय-इनवर. स्कॅनर बाहेर काढण्याआधी या जागांची यादी हातात हवी.

यादी ऑफिसात बसून करू नये. प्रोसेस इंजिनिअर आणि शिफ्टचा जुना फिटर, दोघांना बरोबर घेऊन लाइनच्या कडेने चालायचं. टॅग नंबर बहुतेक ठिकाणी पुसलेले असतात. ‘दोन नंबर बॉडीच्या मागचा व्हॉल्व्ह’ हीच त्याची ओळख. म्हणून प्रत्येक टाय-इनवर ऑइल पेंटने ठळक नंबर टाकायचा, तो स्कॅनच्या फोटोतही दिसतो. यादीत प्रत्येक नंबरपुढे लाइनचा साइज, जोड फ्लँजचा (बोल्टने जोडायच्या चकतीचा) की वेल्डचा, लाइन गरम की थंड आणि वर लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टण) आहे का, एवढं लिहायचं.

लॅगिंगचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. स्कॅनरला दिसतं ते लॅगिंगवरचं अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं क्लॅडिंग, आतला पाइप नाही. १५० एनबी (एनबी म्हणजे पाइपचा नाममात्र साइज) पाइपचा बाहेरचा व्यास १६८.३ मिमी. त्यावर ५० मिमी लॅगिंग चढलं की २६८.३ होतो. २५० एनबी उघड्या पाइपचा व्यास २७३ मिमी. सॉफ्टवेअरला पाइप आपोआप ओळखायला लावला, की ते जवळचा स्टँडर्ड साइज धरून तिथे २५० एनबी ठोकून देतं, आणि स्कॅनवरून केलेल्या थ्रीडी मॉडेलमध्ये ते इतकं सुबक दिसतं की कुणाला शंका येत नाही. शिवाय क्लॅडिंग पाइपच्या मधोमध नसतं. सपोर्टपाशी लॅगिंग दबलेलं असतं, त्यामुळे मॉडेलची सेंटर लाइन सेंटीमीटरभर सहज सरकते. उपाय साधा आहे. प्रत्येक टाय-इनच्या दोन्ही बाजूंना फूटभर लॅगिंग सोलून ठेवायचं, स्कॅन झाला की परत बांधायचं. लॅगिंगवाल्याची दोन दिवसांची मजुरी फुकट जाते असं वाटून हे टाळणाऱ्यांची पुढे चुकीच्या साइजची फ्लँज गळ्यात पडते.

फ्लँजवरून आठवलं. आपल्याकडच्या जुन्या कारखान्यांत बीएस १० या ब्रिटिश मानकाच्या टेबल डी आणि टेबल ई फ्लँज अजून भरपूर आहेत. नवं डिझाइन मात्र अमेरिकन एएसएमई मानकाच्या क्लास १५० वर होतं. सहा इंची टेबल ई आणि सहा इंची क्लास १५०, दोन्हींचा बाहेरचा व्यास सुमारे २७९ मिमी, दोन्हींना आठ बोल्ट, भोकंही जवळपास सारखी, २२ मिमीची. फरक आहे तो पीसीडीमध्ये, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासात: एकीचा २३५, दुसरीचा २४१.३. लांबून केलेल्या स्कॅनमध्ये या दोन्ही फ्लँज जुळ्या दिसतात. १० मीटरवर ६ मिमी अंतराने पॉइंट पडत असतील, तर २२ मिमीच्या भोकावर आडवे तीन-चार पॉइंट येतात. त्यावरून भोकाचा मध्य काढणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. तोच सेटअप (स्कॅनर उभा करायची जागा) ३ मीटरवर आणला की अंतर २ मिमीच्या आत येतं आणि पीसीडी निघतो. त्यामुळे टाय-इनच्या प्रत्येक फ्लँजसमोर एक जवळचा सेटअप वेगळा लावावा, आणि शक्य असेल तिथे पीसीडी कॅलिपर लावून हातानेही मोजावा. पाच मिनिटांचं काम आहे. साइटवरच कापलेल्या प्लेट फ्लँज असतील तर हातानं मोजण्याला पर्यायच नाही, कारण त्या कुठल्याच टेबलात बसत नाहीत.

समोरासमोरच्या फ्लँज किती जुळायला हव्यात? एएसएमई बी३१.३ नुसार फेस २०० मिमीला १ मिमीपेक्षा जास्त तिरका चालत नाही आणि बोल्टची भोकं ३ मिमीपेक्षा जास्त सरकलेली चालत नाहीत. स्कॅनरची एका पॉइंटची अचूकता १० मीटरवर १.९ मिमी, ४० मीटरवर ५.३ मिमी, हे कंपनीचेच आकडे आहेत. त्यात एक स्कॅन दुसऱ्याला जोडताना येणारी चूक मिळवा. म्हणजे स्कॅनच्या भरवशावर दोन्ही टोकांना फ्लँज वेल्ड करून स्पूल बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या शॉपमधून पाठवणं हा जुगार आहे. एक टोक पक्कं करावं, दुसऱ्या टोकाला १०० ते १५० मिमी पाइप जास्तीचा ठेवावा आणि ती फ्लँज जागेवर टॅक करून वेल्ड करावी.

आता तापमान. पोलादी पाइप दर मीटरला दर अंशाला सुमारे ०.०१२ मिमी वाढतो. एक्झॉस्ट स्टीमचा ३० मीटर हेडर (मुख्य पाइप) बंद प्लांटमध्ये ३० अंशांवर असतो, चालू झाला की १३० च्या आसपास जातो. शंभर अंशांचा फरक, म्हणजे ३६ मिमी. एका टोकाला अँकर (पक्का आवळलेला आधार) असेल तर दुसरं टोक तेवढं पुढे जातं. म्हणून मॉडेलवर ‘थंड अवस्थेत मोजलेले’ असं लिहिलेलं हवं, नाहीतर नव्या लाइनचा बेलो (पाइपची वाढ सामावणारा लवचिक जोड) कुठल्या स्थितीत लावायचा हे डिझाइनवाल्याला कळणार नाही. वेळ वाचवायला काही जण अर्धा प्लांट गाळप चालू असताना आणि उरलेला बंद झाल्यावर स्कॅन करतात. मग क्लाउडमध्ये (स्कॅनच्या सगळ्या पॉइंटच्या एकत्र संचात) एकाच हेडरचे दोन पाइप शेजारी-शेजारी दिसतात, आणि सगळे स्कॅन जोडणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. चूक त्याची नसते, हेडर खरोखर हललेला असतो. शिवाय गाळपात पॅन फ्लोअरची चेकर्ड प्लेट थरथरत असते, वाफ आणि उडणारं बगॅस किरणांच्या आड येतं. चालू प्लांटचा स्कॅन स्ट्रेस अ‍ॅनालिसिसवाल्याला उपयोगी पडतो, कुठला सपोर्ट उचलला गेलाय ते त्यात दिसतं. पण फॅब्रिकेशनसाठी तो वापरू नये.

इथल्या प्रत्येक साइटवर निघणारी एक गोष्ट म्हणजे कोऑर्डिनेट. ड्रोनवाला किंवा जीपीएसवाला सर्व्हे यूटीएममध्ये, म्हणजे नकाशाच्या जागतिक कोऑर्डिनेट पद्धतीत देतो. बेळगाव झोन ४३ मध्ये येतं आणि त्याचा मध्य रेखांश ७५ अंश आपल्या अगदी जवळून जातो, म्हणजे स्केल फॅक्टर (नकाशातलं अंतर खऱ्या अंतराच्या किती पट) ०.९९९६ च्या आसपास. त्यात समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरची उंची. दोन्ही मिळून जमिनीवरचे १०० मीटर यूटीएममध्ये सुमारे पाच सेंटीमीटर कमी भरतात. बॉयलरपासून नव्या डिस्टिलरीपर्यंत ३०० मीटर पाइप रॅक असेल तर फरक जवळजवळ १५ सेंटीमीटर. स्कॅन खऱ्या मापात आणि रॅकचे फाउंडेशन यूटीएममध्ये, असं झालं की शेवटचा कॉलम कुठे उभा राहायचा यावरून भांडण ठरलेलं. प्लांटची स्वतःची ग्रिड करावी, स्केल १, एक अक्ष मिल हाऊसच्या कॉलम रांगेला समांतर, आणि सगळ्यांनी तीच वापरावी.

ग्रिडचे पॉइंट टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्व्हेच्या यंत्राने) बांधायचे. खिळे काँक्रीटच्या पेडेस्टलमध्ये मारायचे, चेकर्ड प्लेटवर किंवा ग्रेटिंगवर नाही. अथणीकडच्या काळ्या मातीत साध्या फरशीचाही भरवसा धरू नये, पावसाळ्यात ती वर-खाली होते. बॉइलिंग हाऊससारख्या बहुमजली इमारतीत प्रत्येक मजल्यावर किमान तीन-चार टार्गेट (स्कॅन एकमेकांना जोडायच्या खुणा) हवेत, आणि जिन्याच्या प्रत्येक लँडिंगवर एक सेटअप. लँडिंग गाळलं की वरचा मजला खालच्याशी नीट बांधला जात नाही.

नुसतं क्लाउड-टू-क्लाउड जोडणं, म्हणजे टार्गेटशिवाय आकार जुळवून स्कॅन जोडणं, साखर कारखान्यात धोक्याचं, कारण ज्यूस हीटर ओळीने एकसारखे, कॉलम एकसारखे. सॉफ्टवेअर एक बे (दोन कॉलममधला गाळा) सोडून पुढच्या बेवर स्कॅन चिकटवतं आणि रिपोर्टमध्ये सरासरी चूक २ मिमी दाखवतं. म्हणून सरासरी बघायची नाही, प्रत्येक कंट्रोल पॉइंटचा (टोटल स्टेशनने बांधलेल्या पॉइंटचा) वेगळा फरक मागायचा.

चकचकीत स्टेनलेस, नवं क्लॅडिंग, मळीने ओली झालेली प्लेट, यांच्यावर पॉइंट विखुरतात. तिथे तिरक्या कोनातून दुसरा सेटअप घ्यावा. उघड्यावरचा भाग जूनच्या आत उरकावा. डिस्टिलरीत लेझर डोळ्याला सुरक्षित, क्लास १, असला तरी साधा स्कॅनर स्फोटरोधक नसतो. गॅस टेस्ट आणि परमिट झाल्याशिवाय तो अल्कोहोल स्टोरेजजवळ नेऊ नये.

ऑर्डर देताना संपूर्ण प्लांटचं मॉडेल मागू नका. खर्च होतो आणि नव्वद टक्के कुणी उघडत नाही. नव्या लाइनच्या मार्गातलं आणि टाय-इनच्या आसपासचं तेवढं मॉडेल करून घ्या, बाकी नुसता क्लाउड पुरे. डेटा ई५७ या खुल्या फाइल फॉरमॅटमध्ये घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या एजन्सीला तो उघडता येईल. कंट्रोल पॉइंटची यादी फोटोसकट कारखान्याच्या सिव्हिल विभागात ठेवा आणि फरशीचं काम निघालं तर खिळे न उपटण्याची ताकीद द्या. मग पुढच्या ऑफ-सीझनला बदललेला भाग तेवढाच स्कॅन करून जुन्या क्लाउडला जोडता येतो.