पूल कुठे आहे ते आधी बघा

बैठक ठरवायचं काम कोणी मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. एकदा नीट पार पाडलं की "तुम्हाला छान जमतं हो" म्हणत लोक पुढच्या वर्षीचीही सोय लावून टाकतात. माझ्याकडे ते असंच आलं आणि आता, खरं सांगायचं तर, त्यात गोडी लागली आहे. "बघतो, कळवतो" म्हणणारे, "मी नक्की" म्हणून न उगवणारे, ऐनवेळी दोन माणसं जास्तीची घेऊन येणारे, हे सगळे सगळीकडे सारखेच. त्यांच्याबद्दल काय लिहायचं? गाव कुठलं निवडायचं याबाबत मात्र माझी मतं पक्की आहेत. मला शहर हवं ते मध्यम आकाराचं आणि नदीकाठचं.

महानगरात शेवटचं भाषण संपलं रे संपलं की माणसं पांगतात. कुणाची मावशी तिथेच राहते, कुणाचं एक काम कधीचं अडलेलं असतं, कुणाला नुसतंच हिंडायचं असतं. फारच लहान गाव घेतलं तर शंभर जणांच्या मुक्कामाची सोय होत नाही. निम्मे पलीकडच्या गावात आणि संयोजक मधल्या रस्त्यावर. मध्यम शहरात मुक्काम, सभागृह आणि स्टेशन पायी पंधरा-वीस मिनिटांच्या टापूत बसतात. आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला सगळ्यांना एकच जागा सुचते. सकाळच्या सत्रात ज्याला शिताफीने टाळलं, तो काठावर समोरून येतोच. पळणार कुठे? एका बाजूला पाणी असतं.

नदीकाठच्या शहराचा नकाशा मात्र फसवतो. सभागृह पैलतीरावर, मुक्काम ऐलतीरावर, कागदावर अंतर बोटाच्या पेराएवढं. प्रत्यक्षात पूल दोन किलोमीटर खाली असतो आणि सकाळी नऊला सगळं शहर त्याच पुलावर असतं. म्हणून मी सभागृहाच्या खुर्च्या नंतर मोजतो, आधी पूल कुठे आहे ते बघतो. दुसरा प्रश्न पाण्याचा: पूर आला तर कुठवर येतो? हे व्यवस्थापकाला न विचारता पहारेकऱ्याला विचारावं. तो भिंतीवरची खूण दाखवतो.

जगात मोठमोठ्या बैठका अशा ठिकाणी झाल्या आहेत, आणि मला वाटतं तो निव्वळ योगायोग नसावा. युरोपियन संघाचा पाया घालणाऱ्या करारावर 7 फेब्रुवारी 1992 रोजी सह्या झाल्या त्या नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्ट या मध्यम शहरात, मास नदीकाठच्या प्रांतिक सरकारच्या इमारतीत. एकाच वेळी तिघेजण पोपपदावर हक्क सांगत होते तेव्हा धर्मपरिषद भरली ती कॉन्स्टान्सला, जिथे ऱ्हाईन नदी सरोवरातून बाहेर पडते. 1414 ते 1418 एवढी ती परिषद चालली. नवा पोप निवडायची वेळ आली तेव्हा निवड करणाऱ्यांना पाण्याकाठच्या एका व्यापारी गोदामात कोंडलं. वर्षानुवर्षांचं घोंगडं तिथे तीन दिवसांत निकाली निघालं, 11 नोव्हेंबर 1417 ला.

पण माझी सगळ्यात आवडती बैठक शेंगेनची. लक्झेंबर्गमधलं हे मोझेल नदीवरचं छोटंसं गाव, फ्रान्स आणि जर्मनी दोन्ही हाकेच्या अंतरावर. 14 जून 1985 रोजी पाच देशांनी आपापसातल्या सरहद्दींवरची तपासणी हळूहळू काढून टाकायचं ठरवलं आणि सह्या केल्या त्या प्रिन्सेस मारी-आस्त्रिद नावाच्या बोटीवर. तिथे मोझेल ही लक्झेंबर्ग आणि जर्मनी यांच्या सामाईक मालकीची आहे, त्यामुळे सरहद्दी पुसायला याहून शोभेशी जागा मिळाली नसती. माझी नजर मात्र संयोजकाची. बोट एकदा सुटली की उशिरा कोणी येऊ शकत नाही, "मला जरा लवकर निघायचंय" म्हणून कोणी उठू शकत नाही. याहून आदर्श सभागृह मी तरी पाहिलेलं नाही.

अर्थात कोंडून सही मिळते, मनं जुळत नाहीत. तीस माणसं बोलावली तर त्यांच्यात 435 जोड्या होतात. साधा हिशेब आहे, तीस गुणिले एकोणतीस भागिले दोन. सभागृहात यातलं काही घडत नाही, कारण एक बोलतो आणि एकोणतीस जण त्याचं संपायची वाट बघतात. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी 1983 मध्ये राबराब राबून एक मोठी परिषद भरवली, आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की सर्वात उपयोगी ठरल्या त्या कॉफीच्या सुट्ट्या. म्हणजे ज्यांची आखणी कोणीच केली नव्हती त्या! त्यांनी तेच मनावर घेऊन कार्यक्रमपत्रिकेशिवाय भरणाऱ्या बैठकीची पद्धत काढली. तीत एक नियम असा की जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसरीकडे जावं. हा नियम आपल्याकडे आधीपासून पाळला जातो, फक्त त्याला नियम म्हणत नाहीत.

नदीकाठचा कठडा या कामाला फार चांगला. दोन माणसं कठड्यावर कोपरं टेकून उभी राहतात तेव्हा ती एकमेकांकडे बघत नसतात, दोघंही पाण्याकडे बघतात. टेबलासमोर जे बोलता येत नाही ते तिथे सहज निघतं. मागे खर्चाच्या एका बाबीवरून दोन ज्येष्ठ सदस्य सबंध दुपार एकमेकांच्या मुद्द्यांना "हरकत" घेत होते. संध्याकाळी त्यातले एक कठड्याशी उभे, दुसरे शेजारी आले. बराच वेळ पाणवनस्पतीचा एक झुबका खांबाला अडकलेला होता, तो सुटतो की नाही यावर चर्चा झाली. मग पहिले म्हणाले, "तुमचा आकडा थोडा खाली आणता येईल का हो?" दुसऱ्यांनी तो आणला. इतिवृत्तात याची नोंद नाही, कारण इतिवृत्त लिहिणारा आत खुर्च्या मोजत होता.

संध्याकाळचा कार्यक्रम काठावर उघड्यावर ठेवणार असाल तर ध्वनिक्षेपकाची चाचणी दुपारी घेऊन निर्धास्त होऊ नका. दुपारी तापलेल्या जमिनीवर आवाज वर वळतो आणि विरतो. शांत संध्याकाळी पाण्यालगतची हवा गार आणि वरची ऊबदार झाली की तोच आवाज खाली वळून पाण्यावरून दूरवर जातो. आपलं आभारप्रदर्शन समोरच्या काठावरच्या लोकांना ऐकावं लागतं आणि त्यांच्या लग्नाचा बँड आपल्याला. डासांबद्दल वेगळं सांगायला नको.

तर हल्ली मी पत्रिकेत दुपारी साडेचार ते सहा ही वेळ मोकळी ठेवतो. यावर कार्यकारिणीत दर वेळी वाद होतो. कोषाध्यक्ष विचारतात, "इथे काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही असं छापायचं?"

म्हणून आता आम्ही तिथे 'नदीकाठ पाहणी' असं छापतो. पाहणी म्हटलं की सगळे वेळेवर हजर राहतात, आणि कोषाध्यक्ष चहाचा खर्चही मंजूर करतात.