सर्केरिया आणि जुनी एक्स-रे फिल्म : फेरी ३ ची नोंद

सर्केरिया म्हणजे परजीवी चपट्या कृमींच्या, गोगलगायीतून पाण्यात सुटणाऱ्या शेपटीवाल्या अळ्या. त्यांतल्या शिस्टोसोम (रक्तात राहणाऱ्या कृमी) कातडीतून शिरतात. शिरताना सुटणारा त्यांचा स्राव फिल्मवरचा जिलेटिनचा थर पचवतो का, हे पाहायचं; थर पचला की काळी फिल्म तिथे उजळते. आधीच्या दोन फेऱ्यांत फिल्मवर उजळ ठिपके आले खरे, पण कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, थेंबाखालीही तसेच आले. म्हणजे निकाल शून्य. या वेळी सगळा भर कंट्रोलवर.

गोगलगाय तीच : इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस, चपट्या चकलीसारख्या गुंडाळीची. कळंब्याकडच्या, म्हशी उतरतात अशा डबक्यांत केंदाळाच्या मुळांना चिकटलेली सापडते. नळाचं पाणी २४ तास उघडं ठेवलेलं किंवा हायपो (सोडियम थायोसल्फेट) घातलेलं हवं; क्लोरीनने सर्केरिया आधी मरतात. एका ग्लासात एकच गोगलगाय, १० मिली पाणी, सकाळच्या उजेडात दोन तास. ग्लासला काळा कागद गुंडाळून एका बाजूला फट ठेवली की उजेडाकडे जाणाऱ्या सर्केरिया फटीशी जमतात, तिथूनच ड्रॉपरने उचलायच्या.

शेपटी दुभंगलेली दिसली की लगेच शिस्टोसोम म्हणू नका. १० पट ऑब्जेक्टिव्हखाली घसा, म्हणजे फॅरिंक्स, शोधा. तो दिसला आणि शेपटीचे फाटेही लांब असले, तर ती दुसऱ्याच कुळातली. शिस्टोसोमला फॅरिंक्स नसतो, फाटे आखूड असतात. डोळ्यांचे दोन काळे ठिपके असले तर पक्ष्यांच्या शिस्टोसोमचा संशय घ्या.

शिस्टोसोमा मॅन्सोनी या माणसाच्या शिस्टोसोमच्या सर्केरियात पोटावरच्या चोषकापुढे ग्रंथींच्या दोन जोड्या आणि मागे तीन. मागच्या चिकट म्युकस सोडतात. पुढच्यांत कॅल्शियमचा साठा आणि इलास्टेज हे सेरीन घराण्यातलं प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं पचवणारं एन्झाइम. नळ्या डोक्याच्या टोकाशी उघडतात. कातडीवरची मुक्त स्निग्धाम्लं, विशेषतः लिनोलिक आम्ल, हा स्राव सुटायचा इशारा. मग शेपटी गळते आणि काही मिनिटांत शिरकाव. शिस्टोसोमा जॅपोनिकम आणि पक्ष्यांच्या ट्रायकोबिल्हार्झियात मात्र मुख्य काम कॅथेप्सिन बी या सिस्टीन प्रोटिएजचं. तेव्हा फिल्म उजळली तर एवढंच कळतं, की जिलेटिन पचलं. कोणत्या घराण्याच्या एन्झाइमने, ते कळायला पीएमएसएफ (सेरीनवाल्यांसाठी) आणि ई-६४ (सिस्टीनवाल्यांसाठी) सारखे इनहिबिटर, म्हणजे एन्झाइम अडवणारी रसायनं, लागतात. ते प्रयोगशाळेचं काम.

आता फिल्म. रसायनात धुतलेली जुनी काळी फिल्मच घ्या. हल्लीच्या ड्राय प्रिंटरवरच्या फिल्ममध्ये जिलेटिनचा थर नसतो, तिच्यावर दिवसभर थेंब ठेवला तरी काही होत नाही. जुनीला बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना थर असतो. मागचा ब्लीचच्या बोळ्याने पुसून काढा आणि भरपूर धुवा, नाहीतर पुढचा थर पूर्ण पचला तरी मागचा काळाच दिसतो.

प्रत्येक थेंब साधारण ५० मायक्रोलिटर (ड्रॉपरचे २० थेंब म्हणजे १ मिली), त्यात २० ते ३० सर्केरिया. वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच. एकीला आधी कपाळावरचं तेल पुसून घेतलेलं, दुसरी स्पिरिटने स्वच्छ. कपाळाला लावायची ती थेंबावर ठेवण्याआधी, नंतर चुकूनही नाही! करडईचं ताजं तेल इथे चालत नाही. त्यात लिनोलिक भरपूर असलं तरी ते ग्लिसरॉलला बांधलेलं असतं, मुक्त नसतं.

कंट्रोल चार : नुसतं पाणी, त्याच गोगलगायीचं पण सर्केरिया नसलेलं पाणी, उकळून मारलेल्या सर्केरिया, आणि कच्च्या पपईचा चीक शंभर पट पातळ करून. चिकाखाली फिल्म उजळलीच पाहिजे, नाहीतर फिल्म बाद. मागे घोटाळा झाला तो दुसऱ्या कंट्रोलमध्ये : गोगलगायीची विष्ठा आणि चिकटा यांतही प्रोटिएज असतात. आता पाणी उचलण्याआधी गोगलगाय बाहेर, आणि गाळ खाली बसायला दहा मिनिटं.

ओला कापूस घातलेला स्टीलचा डबा, २५ ते २८ अंश. टेबल लॅम्पखाली नको. उष्णतेने जिलेटिन सैल पडून निघतं आणि खोटा ठिपका मिळतो. दर अर्ध्या तासाने फिल्मची एकेक पट्टी काढून गार पाण्यात हलकी धुवा. चार तासांपुढचं वाचन धरू नका, तोवर बॅक्टेरियाही जिलेटिन खायला लागतात.

या वेळी तेलाच्या कव्हरस्लिपखाली मोहरीएवढे पारदर्शक ठिपके आले, कडेला सुटलेल्या चांदीची काळी कणी. स्वच्छ कव्हरस्लिपखाली एखादाच फिकट डाग. उकळलेल्या थेंबाखाली काही नाही.

हातमोजे नायट्राइलचे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत १९५२ साली माणसाच्या मूत्रमार्गाचा शिस्टोसोमा नोंदला गेला होता, आणि गुरांच्या जातीही माणसाच्या कातडीला खाज आणतात. पाणी उडालं तर ते वाळेपर्यंत थांबू नका, लगेच टॉवेलने पुसून ७० टक्के स्पिरिट. उरलेलं पाणी उकळूनच मोरीत.

पुढच्या फेरीत अ‍ॅलिझरिनने पुढच्या ग्रंथी रंगवून, तेल लागण्याआधी आणि नंतर त्या किती रित्या होतात ते मोजायचं.