पंच्याहत्तर मिनिटांचा हॅम्लेट

शनिवार, रात्री उशिरा

कलामहोत्सवातला ‘हॅम्लेट’. ७५ मिनिटं, सात नट, मध्यांतर नाही. सगळ्या जुन्या प्रती जुळवून छापलेली संहिता जवळपास ४,००० ओळींची. कात्री न लावता केली तर चार तास सहज जातात. म्हणजे इथे तीन ओळींतल्या दोन गेल्या. अशा प्रयोगात लक्ष जातं ते कापलेल्या धाग्यांची टोकं कुठे लोंबतायत इकडे.

पहिला बळी ठरलेला: फोर्टिनब्रास. नॉर्वेचा हा राजपुत्र रंगमंचावर येतो दोनदाच, म्हणून काढायला सोपा वाटतो. त्याच्याबरोबर चौथ्या अंकातलं हॅम्लेटचं शेवटचं मोठं स्वगत जातं. १६२३च्या फोलिओतही (शेक्सपिअरच्या नाटकांच्या जुन्या छापील संग्रहात) ते नाही, त्यामुळे संकलन करणाऱ्याचं मन फारसं खात नाही. पण पहिल्याच प्रवेशात पहारेकरी युद्धाच्या तयारीबद्दल बोलतात, ते बोलणंही मग काढायला हवं. आज ते राहिलं होतं. न होणाऱ्या लढाईची वाट बघायला लावून नाटक सुरू झालं.

‘टू बी ऑर नॉट टू बी’ हे स्वगत मात्र आधी ओढलेलं, १६०३च्या छोट्या प्रतीत आहे तसं, नटमंडळी येण्याआधी. आधी शंका, मग राजाचा गुन्हा उघड करायला नाटकाचा सापळा: कथा सरळ धावते. रूढ प्रतीत क्रम उलटा आहे. सापळा ठरतो आणि त्यानंतर हा माणूस जगण्यामरण्याच्या विचारात बुडतो. वेळेची बचत कळते, पण ठरवून झाल्यावर पुन्हा डळमळणं हाच तर हॅम्लेट! तो इथे थोडा बोथट झाला.

दुहेरी भूमिकांचं गणित छान होतं. राजाचा सल्लागार पोलोनिअस तिसऱ्या अंकात मरतो, थडगं खणणारा पाचव्यात येतो. कपडे बदलायला भरपूर वेळ. हॅम्लेटच्या मेलेल्या बापाचं भूत आणि त्याचा भाऊ, आताचा राजा क्लॉडिअस, एकाच नटाने करणं अवघड. पहिल्या प्रवेशात भूत, लगेच दुसऱ्यात राजा. पुढे राजाची प्रार्थना, मग आईच्या दालनात भूत, की पुन्हा राजा. म्हणून भुताला चिलखताऐवजी नुसता लांब झगा आणि मागून प्रकाश. चेहरा अंधारात राहिला, आवाज तेवढा ओळखीचा. भाऊ भावासारखा असणारच, त्यामुळे उलट फायदाच झाला.

प्रकाशाची तक्रार करण्यात अर्थ नाही. एकाच रंगमंचावर दिवसभर प्रयोग, दिव्यांची मांडणी सगळ्यांची मिळून एकच, आपले म्हणून दोन-चार स्पॉट. नेपथ्यही पटकन लावून पटकन उचलता येईल इतकंच: दोन बाकं, एक पडदा.

खटकलं ते हॅम्लेटचं शेवटचं द्वंद्व. तलवारीचे हात प्रयोगाआधी रोज एकदा सावकाश करून बघावे लागतात, कारण अंतराचा अंदाज रंगमंचागणिक बदलतो. महोत्सवाच्या धावपळीत नेमकं तेच राहतं. मग नट जपून खेळतात, वार मोजून पडतात आणि विषारी पात्याची भीती वाटेनाशी होते. आज तसंच झालं.

शेवटी मित्र होरेशिओने मेलेल्या हॅम्लेटला निरोप दिला. तिथेच अंधार व्हायला हवा होता. पण ‘हा ढोल इकडे का येतोय?’ हे त्याचं पुढचं वाक्य, फोर्टिनब्रासच्या येण्याची चाहूल देणारं, संहितेत तसंच राहिलेलं. ढोल वाजला, जवळ आला, थांबला. विंगेतून कोणीच आलं नाही.