चाळीसगावची थंडी आणि झोन टूचे लांब तास : डिसेंबरअखेरची नोंद

दिवाळीत सायकल पूर्ण बाजूला ठेवली होती. त्यानंतर सुरू केलेली बेसची, म्हणजे लांब संथ राइडांनी तग वाढवण्याची, बांधणी आता अर्ध्यावर आली आहे. हातात एक आकडा आलाय, तो आधी सांगतो. सुट्टीनंतरच्या पहिल्या तीन तासांच्या राइडला १५५ वॅटवर (वॅट म्हणजे पेडलवर लागणारी ताकद) पहिल्या निम्म्यात हृदयाचे मिनिटाला सरासरी १३२ ठोके होते आणि दुसऱ्या निम्म्यात, त्याच १५५ वॅटला, १४३. म्हणजे वॅट आणि ठोक्यांचं गुणोत्तर पावणेआठ टक्क्यांनी घसरलं. गेल्या रविवारी तोच रस्ता, तेवढेच वॅट, आणि ठोके १३० व १३५. घसरण पावणेचार टक्क्यांच्या आसपास. पाच टक्क्यांच्या आत आली की तेवढ्या अंतरापुरता बेस बसला असं धरतात. यात थोडा वाटा थंडीचाही आहे, कारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला सकाळ एवढी गार नव्हती. तरीही एवढा फरक एकट्या थंडीने पडत नाही. मला फार आनंद झाला आहे.

माझी पुढची महत्त्वाची शर्यत फेब्रुवारीअखेर आहे. मधल्या छोट्या शर्यतींना या वर्षी जायचं नाही असं ठरवलं, आणि का ते सविस्तर लिहितो. युरोपातल्या हौशी रायडरांसाठी लिहिलेल्या योजनांमध्ये हिवाळा म्हणजे बर्फ, अंधार आणि घरातला ट्रेनर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायचं यंत्र. आपल्याकडे उलटं आहे. खान्देशात ट्रेनरचे दिवस एप्रिल-मेचे. तेव्हा पारा ४३-४४ च्या पुढे जातो आणि सकाळी साडेआठनंतर रस्त्यावर राहणं म्हणजे अंगाची नुसती भाजणी. उन्हात ठोके आपोआप चढतात, त्यामुळे चार तास एका लयीत, एका झोनमध्ये (म्हणजे जोराच्या एकाच ठरलेल्या पट्ट्यात) राहणं जमतच नाही. ते जमतं दिवाळी ते शिवरात्र एवढ्याच काळात. हे आठवडे दर रविवारी एकमेकांना मागे टाकण्यात घालवायचे की पुढच्या वर्षभराचं इंजिन बांधण्यात, एवढाच माझा प्रश्न होता.

त्यामुळे रविवारची लांब राइड हे आठवड्याचं मुख्य काम. चाळीसगावहून मेहुणबारे, गिरणा ओलांडून धुळ्याच्या दिशेने आणि परत. या दिवसांत वारं उत्तरेचं, म्हणून जाताना ते छातीवर आणि येताना पाठीला. पाय ताजे असताना वारा झेलायचा, हे बरं पडतं. पहाटे आठ-नऊ अंश असतात. पहिला तासभर गुडघे झाकूनच चालवा, गार गुडघ्यावर जोर दिला की दुखणं महिनाभर सोडत नाही. आणि दिवा पुढेही हवा, मागेही. कापसाने दुतर्फा फुगलेले ट्रॅक्टर अंधारात बिनदिव्याचे समोर येतात. बांधाकडेच्या कच्च्या पट्टीवर बाभळीचे काटे आणि सराटे पडलेले असतात, तेव्हा चाक डांबरावरच ठेवा. टायर ट्यूबलेस करून सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरल्यापासून माझी ही कटकट बरीच कमी झाली.

आता त्या संथपणाबद्दल. माझी एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद, २४० वॅट धरली आहे, म्हणजे झोन टू हा संथ पट्टा साधारण १३५ ते १८०. मी १५० ते १६० मध्ये राहतो. बोलता आलं पाहिजे, अख्खं वाक्य न तुटता. गटातले सोबती पुढे निघून जातात, ‘भाऊ, बरं नाही का?’ विचारतात. जाऊ द्यावं. या वेगाला स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढतात, केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, शरीर चरबी जाळायला शिकतं आणि ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, शेवटच्या चढासाठी उरतं. यासाठी तास द्यावेच लागतात, दुसरी वाट नाही. चढावर मात्र वॅट दाखवणाऱ्या मीटरकडे नीट लक्ष हवं, कारण साधा पूल आला तरी पाय २२० वर जातात. अशा वेळी गिअर हलका करून कॅडन्स (पेडलचे मिनिटाला फेरे) ९० च्या आसपास ठेवतो.

बुधवारी औट्रम घाट, ज्याला आपण कन्नड घाट म्हणतो. २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तिथे जड वाहनांना बंदी घातल्यापासून चढताना धूर आणि धास्ती, दोन्ही कमी झाली. तिथे जड गिअर लावून ५०-६० च्या कॅडन्सने, बसूनच, आठ-आठ मिनिटं चढतो. ताकद एफटीपीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, पुढे नाही. कंबर स्थिर, हात सैल. गुडघ्याची तक्रार असणाऱ्यांनी हे करू नये. जिममध्ये स्क्वॉट आणि एका पायाचे व्यायाम आठवड्यात दोनदा, तेवढं पुरे. थकलेल्या दिवशी पाटणादेवीपर्यंत आरामात जाऊन येतो. अभयारण्याच्या कडेचा तो रस्ता थंडीत फार सुंदर असतो.

खाण्याची मात्र आपल्याकडे चैन आहे. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत तर एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम मिळतात. तासाला दोन केळी आणि बाटलीत लिंबू, मीठ, थोडी साखर, एवढ्यात हिशेब जुळतो. केळीच्या मुलखात राहून महागड्या जेलवर (पाकिटातल्या गोड, घट्ट रसावर) अवलंबून राहावं असं मला वाटत नाही. जेल शर्यतीच्या दिवसापुरते, तेही आधी सरावात चालवून बघितलेले. भरीत-पार्ट्या याच दिवसांत असतात. भरीत, कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल, हे राइडनंतर बिनधास्त खावं. आदल्या रात्री नको, तेलामुळे सकाळी पोट जड राहतं.

संक्रांतीनंतर एफटीपीची २० मिनिटांची चाचणी, आणि तिथून आठवड्यात दोन दिवस इंटरव्हल, म्हणजे मध्ये विसावा घेत जोराचे तुकडे : आधी एफटीपीच्या ९० टक्क्यांच्या आसपासचे दोन वीस-वीस मिनिटांचे, मग १०५ ते ११० टक्क्यांचे चार-चार मिनिटांचे. रविवारची लांब राइड तशीच राहील. जानेवारीच्या शेवटी शहाद्याहून तोरणमाळ करायचं मनात आहे. वर साधारण ११५० मीटर उंची, आणि सातपायरी घाटाची वळणं. सोबत येणाऱ्यांनी मागच्या चाकावर ३२ किंवा ३४ दातांची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) बसवून घ्या, ब्रेकपॅड नवे घाला आणि उतारासाठी एक वारारोधक जाकीट खिशात ठेवा. शहाद्यातून उजाडताच निघू.