एडिंबराची पत्रं, नोंद सहावी: तीनाचा आकडा, फसलेली शाई आणि जॉन्सनचे पाय

अठराव्या शतकातला एडिंबराचा डॉक्टर विल्यम कलन याची पत्रं मी वाचतेय, त्या वाचनाची ही नोंद. आधी चूक कबूल करते. पाचव्या नोंदीत प्रिस्क्रिप्शनमधल्या वजनांचं जे कोष्टक दिलं होतं, त्यावर काट मारा. त्यात मी जिथं जिथं 'तीन' वाचलंय, तिथं तीन नाहीच. ते ड्रॅमचं, म्हणजे औषधं तोलायच्या एका जुन्या वजनाचं, चिन्ह आहे. आपला ३ घ्या, डोकं जरा सपाट करा, शेपूट खाली ओढा, झाला ड्रॅम. त्याच्या डोक्यावर आणखी एक वळसा चढवला की औंस. पुढच्या उभ्या दांड्या म्हणजे रोमन आकडे, आणि शेवटच्या दांडीला मुद्दाम शेपूट काढलेलं, म्हणजे मात्रा तिथं संपली. मी ड्रॅमला तीन वाचलं, दोन दांड्यांना अकरा वाचलं, आणि तीनशे अकरा ग्रेनचा (ग्रेन हे त्यातलं सगळ्यांत लहान वजन) डोस काढून वर 'बापरे, केवढा हा डोस' अशी टीपही जोडली. उभी नोकरी औषधाच्या काउंटरमागे गेली, डॉक्टरांची अक्षरं वाचून चष्म्याचा नंबर वाढला, आणि ही गत. भाच्याला सांगितलं तर म्हणाला, "आत्या, बरं झालं तो रोगी आधीच वारलेला होता."

पण चुकीतून एक घबाड हाती लागलं. ड्रॅम ६० ग्रेनचा. इंग्रजी अमदानीत ठरलेला तोळा १८० ग्रेनचा. म्हणजे एक ड्रॅम हा तोळ्याचा बरोबर तिसरा हिस्सा, आणि १२ माशांचा तोळा धरला तर ४ मासे. आजीच्या बटव्यातली मापं डोक्यात असलेल्यांना ग्रॅममध्ये जायची गरजच नाही. २० ग्रेनचा स्क्रूपल, ३ स्क्रूपलचा ड्रॅम, ८ ड्रॅमचा औंस, आणि औषधी पौंड १२ औंसांचा. तो १६ चा धरून फसू नका.

नव्यांसाठी थोडक्यात. विल्यम कलन हा स्कॉटलंडचा डॉक्टर, जन्म १७१०, मृत्यू १७९०. आधी ग्लासगोत शिकवायचा, १७५५ पासून एडिंबरात. त्या काळात इंग्रजी जाणणाऱ्या जगात वैद्यक शिकायचं तर एडिंबरा, आणि एडिंबरात शिकायचं तर कलन. लांबलांबचे रोगी, त्यांचे नातलग, गावचे सर्जन आणि औषधविके त्याला पत्रानं लक्षणं कळवायचे आणि तो पत्रानंच उपचार सांगायचा. आलेली पत्रं त्यानं जपलीच, पण आपण पाठवलेल्या उत्तरांच्या नकलाही ठेवल्या. हे सगळं हजारो पानांचं बाड एडिंबराच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये आहे, आणि ग्लासगो विद्यापीठाच्या मंडळींनी ते संगणकावर आणलं, म्हणून मी इथं चहाचा कप बाजूला ठेवून ते वाचू शकते.

रोग्याला न बघता औषध कसं द्यायचे, हा प्रश्न मला घरी हमखास विचारला जातो. पण समोर बसलेल्या रोग्याचं तरी ते काय बघत होते? स्टेथोस्कोप आला १८१६ साली. छातीवर बोटानं ठोकून बघायची युक्ती व्हिएन्नाच्या डॉक्टर आउएनब्रुगरनं १७६१ मध्ये छापली होती, पण तिच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नव्हतं. उरलं काय, तर नाडी, जीभ, लघवी, शौच, झोप, भूक आणि रोग्याची हकिगत. हे सगळं कागदावर उतरवता येतं. किंबहुना नीट लिहिणारा असेल तर घाईत बोलणाऱ्यापेक्षा जास्तच कळतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा तिसो हाही पत्रानं सल्ला देणारा नामांकित डॉक्टर. त्यानं १७६१ च्या आपल्या लोकांसाठीच्या पुस्तकात डॉक्टरला विचारण्याआधी कोणत्या प्रश्नांची उत्तरं तयार हवीत, याची यादीच देऊन टाकली. पत्रावर पत्रं येत आणि त्यात नेमकं हवं ते नसे, याचा वैताग त्या यादीमागे मला दिसतो. काउंटरवर "तीच ती पांढरी गोळी द्या" ऐकलेल्याला तो वैताग लगेच कळतो.

आता शाईचं. कलनची १७८१ च्या आधीची उत्तरं लेखनिकाच्या हातची आहेत, नीटनेटकी, मोडीच्या मानानं लहान मुलाचं वाचन. ज्यांनी मोडी केलीय त्यांनी घाबरूच नये. इथं ऱ्हस्व-दीर्घ गायब नाहीत, शब्द तोडलेले आहेत, फक्त 'एस' कधीकधी 'एफ'सारखा लांब असतो एवढंच. १७८१ नंतर मात्र पानं एकदम फिकट, पसरट, ठिपके पडलेली. कारण कलननं जेम्स वॉटचं नकलेचं यंत्र घेतलं. तोच वाफेच्या इंजिनाचा वॉट. १७८० मध्ये त्यानं याचं पेटंट घेतलं. पत्र लिहायचं, ते ओलं असेपर्यंत म्हणजे दिवसभराच्या आत पातळ ओलसर कागद त्यावर ठेवायचा आणि दाबायचं. शाई उलटी उमटते, पण कागद इतका पातळ की मागून सुलट वाचता येतं.

हे करून बघितल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती. हिरडे कुटून पाण्यात दोन दिवस ठेवले, गाळून हिराकस घातला, बाभळीचा डिंक घातला. काळीभोर शाई झाली, स्वयंपाकघराच्या ओट्यावर कायमचा डाग पडला तो वेगळाच. बाइंडिंगवाल्या काकांकडे दाबयंत्र होतं. "काकी, पावती-पुस्तकं छापायला काढलीत की काय?" म्हणत त्यांनी दिलं. पहिल्या खेपेला काहीच उमटलं नाही, शाई कागदात मुरून बसली होती. दुसऱ्या खेपेला डिंक वाढवला आणि लिहिल्यावर अर्ध्या तासात दाबलं, तर दोन्ही कागद एकमेकांना चिकटले आणि सोडवताना अर्ध्या ओळी गेल्या. तिसऱ्या खेपेला वरचा कागद ओला करून टॉवेलात दाबून जवळजवळ कोरडा केला. मग पंधरा ओळींतल्या नऊ वाचता आल्या, उरलेल्या म्हणजे नुसते करडे ढग.

आणि मग लक्षात आलं की कलनची फिकट पानं मी उगाचच शिव्या देत वाचत होते. लेखनिकाची नक्कल स्वच्छ असते, पण ती नकलाकाराची असते. पहिल्यांदा काय लिहून खोडलं, हे त्यात दिसत नाही. यंत्राच्या नकलेत पाठवलेल्या पत्राचंच अक्षर येतं, खाडाखोडीसकट. तेव्हापासून ढगाळ पानं आधी उघडते.

आता ज्या प्रकरणासाठी ही नोंद लिहायला बसले, ते. हा रोगी सगळ्यांना ठाऊक आहे: सॅम्युअल जॉन्सन, १७५५ च्या इंग्रजी शब्दकोशाचा कर्ता. १७८४ च्या हिवाळ्यात वय ७४, मुक्काम लंडन. दम इतका की आडवं होता येत नाही, रात्र बसून काढायची, झोप अफूच्या अर्कावर. पायांत आणि मांड्यांत पाणी साठलेलं. आज कोणीही म्हणेल, हृदयाचं दुखणं. तेव्हा त्याला 'ड्रॉप्सी' म्हणत, म्हणजे पाणीच. ११ फेब्रुवारीला त्यानं एडिंबरातल्या जेम्स बॉस्वेलला लिहिलं: पाणी चढतंय, मरणाची फार भीती वाटते, तुमच्याकडच्या डॉक्टरांना माझ्याबद्दल विचारा.

बॉस्वेलनं ७ मार्चला तीन डॉक्टरांना पत्र घातलं: कलन, शरीरशास्त्राचा अलेक्झांडर मन्रो आणि वनस्पतिशास्त्राचा जॉन होप. हे पत्र त्यानं पुढे १७९१ साली जॉन्सनच्या चरित्रात छापलं, म्हणून ते शब्दशः मिळतं. बॉस्वेल वकील होता, आणि पत्रही वकिली आहे. सुरुवातीलाच कबुली, की हे काही रीतसर सल्लामसलतीचं अधिकारपत्र नव्हे. लगेच पुढे जॉन्सननंच एका कवीच्या चरित्रात डॉक्टरांची केलेली स्तुती, की जिथं पैशाची आशा नाही तिथंही ही मंडळी आपली विद्या आनंदानं वापरतात. म्हणजे फी नाही, हे रोग्याच्याच शब्दांत सांगून टाकलं! मी हे वाचून एकटीच हसले.

पण गंमत तिथं नाही. मी ते पत्र वहीत एकेक वाक्य सुटं करून उतरवलं आणि प्रत्येकासमोर लिहिलं, ही माहिती कोणत्या दिवसाची. अर्धांगाचा झटका गेल्या उन्हाळ्यातला, म्हणजे जून १७८३. खोकला त्याच्याही आधीचा. दमा या हिवाळ्यातला. रात्री बसून काढणं, अफू, पायांची सूज हे लंडनच्या डॉ. ब्रॉकल्स्बीच्या पत्रातून. 'पाणी चढतंय' हे जॉन्सनच्या ११ फेब्रुवारीच्या पत्रातलं, आणि तेही वर्तमानकाळात. शेवटी 'आता जरा बरं आहे असं समजतं, स्क्विलचं (एका औषधी कांद्याचं) व्हिनेगर घेताहेत'. हे जॉन्सनच्या २ मार्चच्या पत्रातून, कारण त्यातच तो लिहितो की हे नुकतंच सुरू केलं, पूड घेतली तर पोट फार दुखायचं. तीन आठवड्यांच्या अंतरानं लिहिलेल्या दोन गोष्टी एका परिच्छेदात शेजारी बसल्यात, जणू एकाच सकाळी तपासलेला रोगी.

आणि त्या दोघांच्या मधला दिवस गायब आहे. १९ फेब्रुवारी, गुरुवार. त्या दिवशी जॉन्सनच्या अंगातलं पाणी अचानक उतरलं, २० पाइंट. नऊ लिटरच्या वर लघवी. २३ तारखेला त्यानं आपल्या सावत्र मुलीला, लूसी पोर्टरला, ही बातमी देवाची कृपा म्हणून कळवली. सगळ्या दुखण्यातली सर्वांत मोठी घटना, आणि एडिंबराच्या तिन्ही डॉक्टरांना गेलेल्या कागदावर तिचा शब्दही नाही. उलट 'पाणी चढतंय' मात्र आहे. आकडा नाही, नाडी नाही, लघवी किती हे नाही. तिसोची यादी बॉस्वेलनं वाचली असती तर बरं झालं असतं.

म्हणून माझ्या वहीत आता पत्राची तारीख एका रकान्यात आणि प्रत्येक वाक्याची तारीख दुसऱ्या. टपाल खात्याच्या घोडागाड्याही तेव्हा नव्हत्या. पहिली मेल-कोच त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिस्टल आणि लंडनच्या दरम्यान धावली. मार्चची ही पत्रं घोड्यावरच्या पोराच्या पिशवीतून गेली. डॉक्टरच्या हाती पडणारं शरीर कायम शिळं. आणि तो जे औषध सांगणार, ते आणखी पुढच्या, त्याला न दिसलेल्या शरीराला.

स्क्विलवर एक थांबा. हा भूमध्य समुद्राकाठचा कांदा. आपल्याकडे कोकणात जो रानकांदा, कोळकांदा म्हणतात, तो त्याचा सख्खा भाऊ, आणि औषधकोशात त्याच्या जागी चालवलाही गेलाय. हृदयावर काम करणारी द्रव्यं दोघांतही आहेत. म्हणूनच तो विषारी आहे, म्हणूनच जॉन्सनचं पोट बिघडलं. माझ्या माहेरच्या बांधावर आहे, मी फक्त फोटो काढलाय. कोणीही चाखून बघू नये, हे मी पूर्वी काउंटरवर ज्या आवाजात सांगायचे त्याच आवाजात सांगतेय.

उत्तरं तिघांचीही आली. कलन म्हणाला, लोक ज्याला रास्तपणे मान देतात आणि मीही देतो, त्याच्या उपयोगी पडलो तर यासारखा आनंद नाही. होपचं मला फार आवडलं: तुमच्या मित्राइतका हक्क माझ्यावर फार थोड्यांचा, कारण या ना त्या शब्दाबद्दल त्यांचं मत विचारल्याशिवाय माझा एकही दिवस जात नाही. म्हणजे तो शब्दकोशाबद्दल बोलतोय. होपनं पुढचं सगळं सरळ ब्रॉकल्स्बीशी पत्रानं केलं, डॉक्टर ते डॉक्टर. एडिंबराचेच एक जुने डॉक्टर सर अलेक्झांडर डिक यांनी त्याआधीच रेवाचिनी, म्हणजे रुबार्ब, देऊ केली होती. ती त्यांनी स्वतःच्या जमिनीत पिकवली होती, आणि तिच्यासाठी १७७४ मध्ये त्यांना सुवर्णपदकही मिळालं होतं. जॉन्सननं बॉस्वेलला लिहिलं, येताना ती घेऊन ये.

कलन आणि मन्रो यांची मतं आणि प्रिस्क्रिप्शनं मात्र बॉस्वेलकडे आली. ती घेऊन तो मार्चअखेर लंडनला निघाला, यॉर्कमध्ये पार्लमेंट बरखास्त झाल्याचं कळलं, तिथून उलटा फिरला. लंडनला पोहोचला ५ मे रोजी. आणि मग तो स्वतःच लिहितो, की ती मतं जितकी धीर देणारी होती तितकीच जॉन्सनला सांगितली.

जॉन्सन १३ डिसेंबरला गेला. माझ्या वहीत पाचवा रकाना आखून झालाय, 'रोग्याला सांगितलं का'. होपसमोर 'ब्रॉकल्स्बीमार्फत' असं लिहिलंय. कलन आणि मन्रो यांच्यासमोर 'काही' एवढंच. हिरड्याची चौथी शाई खिडकीत ठेवलीय, या वेळी डिंकाबरोबर थोडी साखर घातलीय आणि मुंग्यांनी रांग लावलीय.