आईची जीभ आणि पॅरिसचा क्रोसाँ

गेल्या ऑगस्टमध्ये आई आणि मी आठ दिवस पॅरिसला होतो. अकराव्या विभागात, ओबरकांफ मेट्रो स्टेशनजवळ एक छोटी खोली घेतली होती. खोलीत न्याहारीची सोय नव्हती आणि मला ती नकोच होती. रोज सकाळी खाली उतरायचं, बेकरीतून ताजा क्रोसाँ, म्हणजे पापुद्र्यांचा लोणीदार फ्रेंच पाव, आणायचा, एवढ्यासाठी मी कित्येक महिने या प्रवासाची वाट बघत होते.

पहिल्याच सकाळी समोर 'बूलाँजरी', म्हणजे पावाची बेकरी, अशी पाटी दिसली. १९९८च्या कायद्यानुसार फ्रान्समध्ये ही पाटी वाटेल त्याला लावता येत नाही, हे मी वाचलं होतं. पीठ मळणं, फुगवणं, आकार देणं आणि भाजणं हे सगळं त्याच जागी व्हायला हवं आणि कणीक कुठल्याही टप्प्यावर गोठवलेली नको, असा नियम आहे. त्यामुळे पाटी बघून मी निर्धास्त झाले आणि दोन क्रोसाँ घेतले. आईने एक तुकडा तोडला, चावला आणि जीभ टाळ्यावरून फिरवली. "चिकटतंय गं. डालड्याच्या खारीसारखं. आणि पदर कुठे सुटलेत?"

आई गेली चाळीस वर्षं दिवाळीला चिरोटे करते. पदर सुटणं म्हणजे काय हे तिला सांगायला लागत नाही. मी मात्र गोंधळले. संध्याकाळी नीट वाचलं तेव्हा चूक सापडली. तो कायदा पावापुरता आहे. पाव स्वतः भाजणारा बेकरीवाला क्रोसाँ कारखान्यातून गोठवलेले आणून आपल्या भट्टीत भाजू शकतो, आणि पाटी तीच राहते. दारात येणारा खमंग वाससुद्धा पुरावा नाही, कारण भाजणं तर तिथेच होतं. आईच्या जिभेने जे पकडलं त्याचंही कारण मिळालं. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडाच्या उबेने नाहीसं होतं. क्रोसाँसाठी बनवलेलं मार्गारिन, म्हणजे लोण्याऐवजी वापरतात ती वनस्पती चरबी, जास्त तापमानाला वितळतं आणि टाळ्यावर थर सोडतं. सकाळी त्या ट्रेपुढच्या चिठ्ठीवर नुसतं 'क्रोसाँ' लिहिलं होतं. 'ओ बर', म्हणजे लोण्यातला, हे शब्द नव्हते. ते बघायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी घरून करून आणलेली बेकऱ्यांची यादी बाहेर काढली. सहा नावं होती. त्यातल्या तीन ठिकाणी शटर खाली आणि त्यावर हाताने लिहिलेला कागद: वार्षिक सुट्टी, पुन्हा उघडण्याची तारीख सप्टेंबरची. ऑगस्टमध्ये पॅरिसचे कितीतरी बेकरीवाले सुट्टीवर जातात. एरवीही आठवड्यातून एक-दोन दिवस दुकान बंद असतंच, अनेकांचं सोमवारी. ज्यांना ऑगस्टशिवाय रजाच मिळत नाही त्यांनी यादीवर विसंबू नये, हे मी अगदी मनापासून सांगते. आम्ही यादी बॅगेत टाकली आणि चालायला लागलो.

आता आम्ही आत शिरण्याआधी काचेतून बघायचो. ट्रेमधले क्रोसाँ एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसले तर पुढे. हाताने वळलेले एकमेकांचे भाऊ वाटतात, जुळे नव्हे. चिठ्ठीवर 'ओ बर' आणि 'फे मेझाँ', म्हणजे इथेच केलेलं, आहे का ते बघायचं. सरळ आकाराचा तो लोण्याचा आणि चंद्रकोरीसारखा वळलेला तो मार्गारिनचा, असं बरेच जण सांगतात. तो रिवाज आहे, नियम नव्हे, म्हणून मी त्यावर भिस्त ठेवली नाही. दारावर स्पर्धेत बक्षीस मिळाल्याचं स्टिकर असेल तर त्यावरचं साल वाचायचं. दहा वर्षांपूर्वीच्या बक्षिसाने आजचा ट्रे चांगला होत नाही.

तिसऱ्या सकाळी, सात वाजता, रू सँ-मोर या रस्त्याच्या बाजूला एका कोपऱ्यावर छोटी रांग दिसली. पर्यटक कुणीच नव्हते. कामावर जाणारे, एक कुत्रा घेतलेले आजोबा. दुकानात मोजून पाच-सहा प्रकार. पहिल्या दिवशी मी थेट बोट दाखवून मागितलं होतं आणि बाईंचा चेहरा आक्रसला होता. इथे आत पाऊल टाकताच 'बोंझूर' म्हटलं, आणि पलीकडून तितकंच मोकळं 'बोंझूर' आलं. तिकडे हे आधी, मागणं नंतर.

बाकावर बसून आईने क्रोसाँ मधोमध तोडला. वरचा पापुद्रा तिच्या पदरावर सांडला. आत अनारशासारखी जाळी, पण प्रत्येक पडदा वेगळा, पातळ, ओलसर. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "साटा घट्ट राहिला होता यांचा."

इतकं नेमकं मला पुस्तकात मिळालं नव्हतं. कणकेत लोण्याची लादी गुंडाळतात, लाटतात, तीन पदरी घडी घालतात. असं तीनदा केलं की लोण्याचे २७ थर होतात. दर घडीनंतर कणीक थंडीत विसावते. लोणी मऊ पडलं तर ते कणकेत मुरतं आणि थर मिटतात. आपल्या चिरोट्यात साटा, म्हणजे फेसलेलं तूप आणि पिठी, जे काम करतो, ते इथे थंड लोणी करतं.

उरलेले सगळे दिवस आम्ही तिथेच गेलो. लांब काठीसारखा पाव घेताना नुसतं 'बागेत' (त्या पावाचं फ्रेंच नाव) न म्हणता 'त्रादिस्यों', म्हणजे पारंपरिक, मागायला शिकलो. १९९३च्या नियमाप्रमाणे त्या पावात बाहेरची रसायनं घालता येत नाहीत आणि त्याची कणीक गोठवता येत नाही. चव, चिवट साल आणि आतली पिवळसर जाळी यात फरक पहिल्याच घासाला कळतो. आई अंडं खाते, मांस नाही. म्हणून मूस, म्हणजे फेसाळ मऊ क्रीम, भरलेल्या चकचकीत केकबद्दल दरवेळी 'जेलातीन?', म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन आहे का, असं विचारावं लागलं. बहुतेकदा उत्तर 'वी', म्हणजे हो, आलं. मग सफरचंदाचं सारण भरलेला शोसाँ ओ पॉम आणि साधा फ्लाँ, म्हणजे कस्टर्डचा केक, यांवर ती खूश राहिली. रू मोंतॉर्गेय या रस्त्यावरच्या स्तोरेर या केक-मिठाईच्या दुकानातही गेलो. ते १७३०पासूनचं. रममध्ये भिजवलेला तिथला 'बाबा' नावाचा केक मी एकटीने खाल्ला, आईने फक्त रंगवलेल्या भिंती बघितल्या.

पुण्यात ऑक्टोबरच्या उकाड्यात साटा दरवर्षी पातळ व्हायचा आणि आई पंखा बंद करून घाईघाईने लाटायची. या दिवाळीला तिने पोळ्यांना साटा लावला, गुंडाळी केली आणि ताट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवलं. मग लाट्या कापल्या. तळताना कढईत चिरोटा फुलासारखा उघडला, आणि तिने मला हाक मारून तो झाऱ्यावर तसाच दाखवला.