सिकाड्याचे तापमान आणि मार्चअखेरची नस्ती

सिकाड्यांच्या, म्हणजे झाडांवर बसून कर्कश गाणाऱ्या कीटकांच्या, तापमानावर संशोधन करायचे तर सर्वांत आधी काय मिळवावे, असे मला कुणी विचारले, तर मी सुई म्हणेन, आणि तीही दिवाळीपूर्वी. वन विभागाची परवानगी अपेक्षेपेक्षा लवकर आली, आंबोलीत राहण्याची सोय झाली, सोलापूरकडच्या माळावरची बाभळीची झाडे हेरून झाली. अडले ते आमच्याच संस्थेच्या खरेदी विभागात.

दमट, सावलीच्या रानातला सिकाडा आणि उघड्या माळावरचा सिकाडा यांची उष्णता सोसण्याची मर्यादा वेगळी असते का, हा आमचा प्रश्न होता. त्याची रीत ठरलेली आहे. सिकाडा बर्फावर गार करून हळूहळू तापू द्यायचा. किती अंशांना तो उडू लागतो, किती अंशांना आपण होऊन सावलीकडे सरकतो आणि किती अंशांना त्याचे पाय लुळे पडतात, या तीन क्षणी त्याच्या छातीच्या स्नायूंतले तापमान मोजायचे. अमेरिकेत ॲलन सॅनबर्न यांनी अशा मोजमापांतून अनेक जाती तपासल्या आहेत आणि उष्ण अधिवासातल्या जातींच्या वरच्या मर्यादा सर्वसाधारणपणे अधिक भरतात. बोटांची ऊब लागू नये म्हणून कीटक पंखांना धरायचा असतो आणि आकडा काही सेकंदांत घ्यायचा असतो. त्यासाठी इंजेक्शनच्या सुईत बसवलेला, २९ गेजचा, म्हणजे अगदी बारीक, थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांच्या जोडावरून तापमान मोजणारे साधन) लागतो.

या सुईपायी आमचे मागणीपत्र प्रथम वैद्यकीय साहित्याच्या लेखाशीर्षाखाली गेले आणि तेथून बाहेर काढण्यासाठी स्वतंत्र टिपणी लिहावी लागली. मग भांडाराचा शेरा आला : ‘थर्मामीटर उपलब्ध असताना नवीन खरेदीचे प्रयोजन स्पष्ट करावे.’ उपलब्ध थर्मामीटर म्हणजे कोरोनाच्या काळात घेतलेली, कपाळासमोर धरायची गन. “अहो, थर्मामीटर तो थर्मामीटर,” असे खरेदी विभागातल्या मॅडमनी सांगितले आणि खणातून ती काढून दाखवलीही. माणसाच्या तापाच्या पट्ट्याखाली ती नुसते ‘लो’ दाखवते. बर्फावरून उचललेल्या सिकाड्याला तिचा काय उपयोग? शिवाय ती पृष्ठभाग मोजते, आतला स्नायू नव्हे.

हे पटवण्यासाठी मी टिपणीत सोनोरन वाळवंटातल्या डायसेरोप्रोक्टा अपाचे या सिकाड्याचे उदाहरण दिले. एरिक टूलसन यांनी १९८७ मध्ये दाखवले की हा कीटक भर दुपारी अक्षरशः घाम गाळतो : झाडाच्या जलवाहिन्यांतला रस सतत ओढतो, त्यातले पाणी पाठीवरच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर सोडतो आणि त्या बाष्पीभवनाने शरीर भोवतालच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी थंड राखतो, त्यामुळे पक्षी सावलीला गेलेले असताना तो निर्धास्त गात राहू शकतो. मॅडमनी ते आवडीने वाचले, “म्हणजे याला घाम येतो?” असे विचारले, आणि नस्तीवर पुन्हा ‘कृपया स्पष्ट करावे’ असे लिहिले.

पुढे तीन दरपत्रकांचा प्रश्न निघाला. ही सुई आणणारा पुरवठादार एकच सापडला होता, म्हणून एकमेव उत्पादकाचा दाखला. तो जोडल्यावर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर वस्तू उपलब्ध नसल्याचा अहवाल. तो जोडल्यावर दाखल्याची मूळ प्रत. एवढ्यात ३१ मार्च उजाडला, लेखा विभागाने नव्या देयकांना दार बंद केले आणि निधी व्यपगत झाला. एप्रिलमध्ये नव्या आर्थिक वर्षासाठी तीच टिपणी पुन्हा टंकित करत होतो, तेव्हा खरेदी विभागाच्या खिडकीबाहेरच्या झाडावर सिकाडे इतक्या जोरात ओरडत होते की मॅडमनी खिडकी लावून घेतली. आम्हांला हवे असलेले सिकाडे पावसाने जोर धरला की दिसेनासे होतात. सुई आली ती भर पावसाळ्यात. ज्या कामाचा हंगाम मार्चअखेरीलाच सुरू होतो, त्याची नस्ती डिसेंबरच्या पुढे ढकलणे म्हणजे एक उन्हाळा बुडवणे होय, हे कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेले नाही; त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मोजमापे सुरळीत झाली. संध्याकाळी गाणाऱ्या जातींबाबत मात्र एक सांगायला हवे : शरीराबरोबर हवेचे तापमानही त्याच क्षणी नोंदवावे. आफ्रिकेतल्या प्लॅटिप्लुराच्या गटातले काही सिकाडे ऊन नसतानाही स्नायूंच्या हालचालीने स्वतःला तापवतात, असे सॅनबर्न, व्हिलेट आणि फिलिप्स यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले आहे. या गटाच्या जाती भारतातही आहेत, आणि हवेचा आकडा नसेल तर असे तापणे नोंदीत दिसणारच नाही. बर्फ थर्मासमध्ये न्यावा, पण कीटक कापडात गुंडाळून ठेवावा, कारण ओला सिकाडा बाष्पीभवनाने गार होतो आणि आकडा फसवा येतो. आणि मागणीपत्रात सुरुवातीलाच दोन सुया मागाव्यात, कारण छातीच्या टणक कवचावर टोक वाकते. दुसरी सुई ‘सुटे भाग’ म्हणून त्याच आदेशात घालावी, म्हणजे तिच्यासाठी वेगळी नस्ती उघडावी लागत नाही.